डबा कुठवर आला?

संध्याकाळी साडेसातला रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात वेगळीच गडबड असते. भेटायला आलेली माणसं, पिशव्यांतले स्टीलचे डबे, नुकतीच पुसलेली फरशी, आणि या सगळ्यातून ट्रे घेऊन खाटेखाटेशी थांबणारी सिस्टर. ट्रेमध्ये ग्लुकोमीटर, पट्ट्या, कापूस, इन्शुलिनच्या बाटल्या. बघणाऱ्याला काम सोपं वाटतं. बोटातून रक्ताचा थेंब काढायचा, आकडा बघायचा, केसपेपरवर लिहिलंय तेवढं इन्शुलिन सिरिंजमध्ये ओढायचं, टोचायचं, सही करून पुढे जायचं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मलाही तसंच वाटायचं. पावसाळ्याचे दिवस होते. पायाच्या जखमेसाठी दाखल झालेल्या एका आजींना रात्रीच्या जेवणाआधी १६ युनिट इन्शुलिन लिहिलेलं होतं. मी शुगर तपासली, १८० आली, इंजेक्शन दिलं आणि पुढच्या खाटेकडे वळले. रुग्णालयाचं जेवण आजींना जात नसे, घरून मुलगा डबा आणायचा. तो त्या दिवशी रस्त्यावरच्या पाण्यात अडकला. साडेनऊला शेजारच्या खाटेवरच्या बाई म्हणाल्या, “सिस्टर, आजी काहीतरीच बडबडतायत.” जाऊन बघते तर आजींचा ब्लाऊज घामाने चिंब, हात गार, आणि मला त्या आपल्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारत होत्या. शुगर ३८. डॉक्टर धावत आले, शिरेतून ग्लुकोज गेलं, आणि थोड्या वेळाने आजींनी मला ओळखलं. इन्चार्ज सिस्टरांनी मला सगळ्यांसमोर बोल लावला नाही. रात्री रजिस्टर भरताना एवढंच म्हणाल्या, “सुई टोचायच्या आधी डबा कुठवर आला ते विचारत जा.”

इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णाच्या शुश्रूषेबद्दल पुढे जे काही शिकले ते या एका प्रश्नाभोवतीच.

निरोगी माणसाचं स्वादुपिंड जेवणाकडे सतत लक्ष ठेवून असतं. भाकरीचा घास पोटात गेला, रक्तातली साखर चढू लागली की ते इन्शुलिन सोडतं. जेवण लांबलं तर हात आखडता घेतं. रक्तात आलेलं इन्शुलिन काही मिनिटांतच अर्ध्यावर येतं, त्यामुळे अंदाज चुकला तरी लगेच सावरता येतं. कातडीखाली टोचलेल्या इन्शुलिनला ही सोय नाही. ते तिथून हळूहळू रक्तात उतरत राहतं, माणूस जेवलाय की उपाशी आहे याची त्याला खबर नसते, आणि एकदा टोचलेलं परत काढून घेता येत नाही. जी देखरेख शरीर आपण होऊन करत होतं ती आता कुणीतरी बाहेरून करावी लागते. रुग्णालयात ती परिचारिका करते, घरी गेल्यावर रुग्णाने किंवा त्याच्या माणसांनी करायची असते.

त्यासाठी प्रत्येक इन्शुलिनचं घड्याळ ठाऊक हवं. पाण्यासारखं स्वच्छ दिसणारं साधं इन्शुलिन अर्ध्या तासात काम सुरू करतं, दोन ते चार तासांत जोरावर येतं आणि सहा ते आठ तासांत ओसरतं. म्हणून ते जेवणाआधी अर्धा तास देतात. दुधाळ दिसणारं एनपीएच सावकाश चढतं, चार तासांनंतर कधीतरी त्याचा जोर येतो आणि बाराहून अधिक तास ते शरीरात राहतं. आपल्याकडे खूप चालणाऱ्या ‘३०/७०’ मिश्रणात ३० टक्के साधं आणि ७० टक्के एनपीएच असतं. म्हणजे सकाळी नाश्त्याआधी घेतलेल्या एका सुईत दोन घड्याळं चालू होतात. एक नाश्त्याचं, दुसरं दुपारच्या जेवणाचं. लिस्प्रो, अस्पार्ट यांसारखी नवी इन्शुलिनं इतकी झटपट आहेत की ती साधारणपणे ताट समोर आल्यावरच द्यावीत. ग्लार्जिन मात्र दिवसभर एकसारखं पाझरत राहतं. त्याचा जेवणाशी थेट संबंध नाही, पण ते रोज ठरल्या वेळी घ्यायचं आणि दुसऱ्या कुठल्याही इन्शुलिनबरोबर एका सिरिंजमध्ये मिसळायचं नाही. त्याचं द्रावण आम्लधर्मी असतं, मिसळलं की दोघांचीही वागणूक बदलते. साधं आणि एनपीएच मात्र मिसळता येतं. तेव्हा आधी स्वच्छ ओढायचं, मग दुधाळ. उलटं केलं तर दुधाळ इन्शुलिनचे कण स्वच्छ बाटलीत जातात आणि ती बाटली कामातून जाते. दुधाळ बाटली हलवताना खळखळ करायची नाही, दोन्ही तळव्यांमध्ये धरून रवी फिरवल्यासारखी हळू घोळवायची.

या शुश्रूषेचा इतिहास औषधाइतकाच जुना आहे, किंबहुना थोडा आधीपासूनचा. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरंटोत लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या मुलाला माणसासाठीचं पहिलं इन्शुलिन मिळालं. गुरांच्या स्वादुपिंडाचा तपकिरी, गढूळ अर्क होता तो. दोन्ही कुल्ल्यांत मिळून १५ मिली टोचला, गळू झालं, गुण फारसा आला नाही. बाराच दिवसांनी, २३ जानेवारीला, जेम्स कॉलिपने शुद्ध केलेला अर्क दिला आणि मुलगा सावरला. पुढे तो आणखी १३ वर्षं जगला. १९२३ मध्ये या शोधासाठी बँटिंग आणि मॅक्लाउड यांना नोबेल मिळालं, त्यांनी आपापल्या वाट्यातून सहकारी बेस्ट आणि कॉलिप यांना हिस्सा दिला. ही गोष्ट पुष्कळांनी सांगितली आहे. मला मात्र १९२२ मधलीच एक मुलगी जास्त आठवते. एलिझाबेथ ह्यूज, अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची लेक. अकराव्या वर्षी मधुमेह झाला तेव्हा उपाय एकच होता, उपासमार. अन्न इतकं कमी करायचं की साखर चढणारच नाही. तिच्यासोबत ब्लांश बर्जेस ही परिचारिका सतत असे. एकेक घास तोलून देणं, लघवीतली साखर तपासणं आणि त्या मुलीला जगण्याची उमेद देत राहणं हे तिचं काम. ऑगस्ट १९२२ मध्ये दोघी टोरंटोला पोहोचल्या तेव्हा पंधरा वर्षं पूर्ण होत आलेल्या एलिझाबेथचं वजन वीस किलोच्या आसपास उरलं होतं. तिला इन्शुलिन मिळालं, ते स्वतः टोचून घ्यायला ती शिकली आणि १९८१ पर्यंत जगली. तीन वर्षं तिला त्या दिवसापर्यंत पोहोचवणाऱ्या तराजूला आणि तो धरणाऱ्या हातांना मी या शोधाच्या बाहेर ठेवू शकत नाही.

आता आपल्याकडच्या एका धोक्याबद्दल. हा धोका औषधाचा नाही, प्लास्टिकच्या टोपणाच्या रंगाचा आहे. भारतात इन्शुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात. एका मिलीमध्ये ४० युनिट असलेल्या आणि एका मिलीमध्ये १०० युनिट असलेल्या. पेन आणि त्यांची काडतुसं सहसा १०० ची. ४० च्या बाटलीसाठी लाल टोपणाची सिरिंज, १०० साठी नारिंगी. दुकानात घाईच्या वेळी “इन्शुलिनची सुई द्या” एवढंच सांगितलं तर हातात कुठलीही पडते. समजा डॉक्टरांनी २० युनिट लिहिले आहेत. ४० ची बाटली आणि नारिंगी सिरिंज अशी जोडी जमली तर २० च्या रेघेपर्यंत ओढूनही शरीरात फक्त ८ युनिट जातात. १०० ची बाटली आणि लाल सिरिंज जमली तर जातात ५०. रेघ तीच, हात तोच, पण पहिल्या चुकीत शुगर महिनोन्‌महिने चढी राहते आणि दुसरीत माणूस रात्रीतून बेशुद्ध होतो. पेनची सुई संपली म्हणून काडतुसातून लाल सिरिंजने इन्शुलिन ओढणारी घरं मी पाहिली आहेत. त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

म्हणून वॉर्डात दोघींनी स्वतंत्रपणे तपासायची पद्धत आहे. बाटलीवरचं नाव, ताकद, मुदत, सिरिंज, ओढलेलं प्रमाण आणि रुग्णाचं नाव. “बरोबर आहे ना?” असं विचारून दुसरीची मान हलवून घेणं म्हणजे तपासणं नव्हे. दुसरीने स्वतः वाचायला हवं. लिहितानाही युनिट हा शब्द पूर्ण लिहायचा. इंग्रजी यू हे अक्षर घाईत शून्यासारखं निघतं आणि १० चे १०० वाचले जातात. आणि एका रुग्णाचं पेन दुसऱ्याला कधीही वापरायचं नाही, सुई बदलली तरीही. टोचताना रक्ताचा अंश उलटा काडतुसात शिरू शकतो.

बोटातून थेंब काढण्याआधी रुग्णाचे हात साबणाने धुवून कोरडे झालेत ना, हे बघणंसुद्धा साधं वाटतं. आंब्याच्या दिवसांत ते विशेष बघावं. आंबा कापलेल्या बोटातून घेतलेला थेंब भलताच आकडा दाखवतो, आणि तो आकडा खरा मानून इन्शुलिन वाढवलं तर परिणाम रुग्णाच्या वाट्याला येतो.

टोचण्याच्या जागांबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण इथे डोळ्यांपेक्षा बोटांचा उपयोग जास्त. पोट, मांड्यांची बाहेरची बाजू, दंडाची मागची बाजू आणि कुल्ले या नेहमीच्या जागा. साध्या इन्शुलिनचं शोषण पोटातून सगळ्यांत लवकर, मांडी-कुल्ल्यातून सावकाश. मांडीत टोचून लगेच सायकलवर निघालं तर तिथलं शोषण वाढतं. टोचल्यावर जागा चोळायची नाही, तेही याच कारणासाठी. बेंबीच्या भोवती दोन बोटं जागा सोडायची आणि रोज आदल्या जागेपासून निदान बोटभर सरकायचं. रुग्ण हे करत नाहीत. वर्षानुवर्षं बेंबीच्या उजवीकडे एकाच ठिकाणी टोचतात, कारण तिथे दुखत नाही. दुखत नाही ते तिथे चरबीची गाठ झालेली असते म्हणून. पोटावरून हात फिरवला की ती लागते, डोळ्यांना अनेकदा दिसतही नाही. त्या गाठीतून इन्शुलिन कधी येतं, कधी अडकून राहतं, आणि डॉक्टर डोस वाढवत जातात. सिस्टरच्या हाताला गाठ लागली की एवढ्यावर थांबून “उद्यापासून दुसरीकडे टोचा” असं सांगणं धोक्याचं आहे. गाठीसाठी वाढवलेला डोस चांगल्या कातडीत गेला तर तो जास्त होतो. जागा बदलण्याआधी डॉक्टरांना सांगून डोस कमी करायचा का ते ठरवून घ्यावं लागतं, आणि पुढचे काही दिवस शुगर वरचेवर बघावी लागते.

पेनसाठी चार मिलिमीटरची सुई बहुतेक सगळ्या मोठ्यांना पुरते, ती सरळ उभी टोचायची. बटण पूर्ण दाबल्यावर मनात दहापर्यंत मोजून मगच बाहेर काढायची. घाईने काढली की कातडीवर थेंब येतो, आणि तो थेंब म्हणजे न मिळालेलं औषध.

रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की तिला कमी म्हणायचं, ५४ च्या खाली गेली तर ती गंभीर बाब. पण आकड्याच्या आधी माणूस बोलतो. “कसंतरीच होतंय,” हे या त्रासाचं मराठीतलं सगळ्यांत भरवशाचं लक्षण आहे. त्यामागून येते थरथर, धडधड, दरदरून घाम, कडकडून भूक, डोळ्यांपुढे अंधारी. मग चिडचिड, असंबद्ध बोलणं आणि शेवटी बेशुद्धी. कुणी विनाकारण भांडायला लागलं तर नातेवाईक म्हणतात स्वभावच तसा झालाय. सिस्टरने आधी बोटातून थेंब काढावा. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या थरथर आणि धडधड झाकून टाकतात, घाम मात्र येतो. फार वर्षांच्या मधुमेहात शरीर इशारे द्यायचंच थांबतं. म्हणून रात्रपाळीत तीनच्या फेरीला मी झोपलेल्या रुग्णाच्या मानेला हात लावून बघायचे. कोरडी असेल तर पुढे. ओली असेल तर दिवा लावून मीटर काढायचं. भयंकर स्वप्नं पडणं आणि सकाळी डोकं जड होऊन उठणं हेही रात्री साखर उतरल्याचं सांगतात.

माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्यायची, साधारण १५ ग्रॅम. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच द्यायची, आणि सावरल्यावर काही खायला द्यायचं. चॉकलेट किंवा बर्फी उपयोगाची नाही, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर पोटातून उशिरा निघते. इन्शुलिनबरोबर व्हॉग्लिबोज नावाची गोळी चालू असेल तर घरातली साखरसुद्धा चटकन लागू पडत नाही, कारण तिचं विघटन लांबवणं हेच त्या गोळीचं काम. अशांच्या घरी ग्लुकोजची पावडर ठेवायला सांगावं. आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतायचं नाही. माया करणारी माणसं हीच चूक करतात, आणि साखरपाणी श्वासनलिकेत जातं. त्याला कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन लावायचा.

साखर वरचेवर उतरू लागली तर घरचे कधी कधी खूश होतात, मधुमेह बरा होतोय म्हणून. ही आशा मोडताना वाईट वाटतं, पण मोडावी लागते. इन्शुलिनचा निचरा करण्यात मूत्रपिंडांचा मोठा वाटा असतो. ती थकली की तेवढंच इन्शुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. गरज अचानक कमी होणं हा मूत्रपिंडं तपासून घेण्याचा इशारा असू शकतो.

उपवासाबद्दल आपण नर्सिंगच्या वर्गात फार कमी बोलतो. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत काही न खाणाऱ्या बाईने सकाळी नेहमीचं ३०/७० घेतलं तर दुपारी एनपीएचचा जोर येतो आणि पोटात काही नसतं. रात्री चंद्र बघून ती जेवते, नाहीतर मधेच साबुदाण्याची खिचडी खाते आणि तेव्हा साखर उसळते. “उपवास अजिबात करायचे नाहीत” असं दटावलं की ती मान डोलावते आणि उपवास करतेच, फक्त पुढच्या वेळी सांगत नाही. मी विचारायला शिकले, “महिन्यातून किती उपास असतात, काकू? त्या दिवशी काय काय खाता?” एवढं विचारलं की एकादशी, सोमवार, नवरात्र सगळं बाहेर येतं. मग डॉक्टरांशी बोलून त्या दिवसांचा वेगळा डोस ठरवता येतो किंवा उपवासाचं रूप बदलता येतं. रमजानमध्ये रोजे ठेवणाऱ्यांशी हेच बोलणं महिनाभर आधी व्हायला हवं.

याच्या उलट चूक टाइप १ मधुमेहाच्या मुलांच्या बाबतीत होते. मुलाला ताप आहे, उलट्या होतायत, जेवलं नाही, म्हणून आई इन्शुलिन बंद ठेवते. तिचा विचार समजण्यासारखा आहे, पण या मुलांच्या शरीरात स्वतःचं इन्शुलिन जवळजवळ नसतंच, आणि आजारपणात गरज उलट वाढते. इन्शुलिन थांबलं की शरीर चरबी जाळू लागतं, रक्तात आम्ल साचतं, पोट दुखतं, श्वास खोल आणि जोराचा होतो, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो. तेव्हा मुलाला अतिदक्षता विभागात न्यावं लागतं. तिथे शिरेतून साधं इन्शुलिन थेंबाथेंबाने चालू असतं, सिस्टर तासातासाला शुगर बघते आणि पोटॅशियमवरही नजर ठेवते, कारण इन्शुलिन साखरेबरोबर पोटॅशियमही पेशींमध्ये ओढून नेतं आणि ते फार उतरलं तर हृदयाची लय बिघडते. ऑपरेशनसाठी ‘एनबीएम’, म्हणजे उपाशी, ठेवलेल्या टाइप १ च्या रुग्णाचंही दिवसभर पाझरणारं इन्शुलिन आपल्या मनाने बंद करायचं नसतं. डॉक्टरांना विचारायचं.

घरी जाताना बाटली कुठे ठेवायची हा प्रश्न मराठवाडा-विदर्भात मे महिन्यात खरोखर अवघड होतो. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. एकदा गोठलेलं इन्शुलिन वितळलं तरी फेकायचंच. वापरातली बाटली बाहेर साधारण चार आठवडे टिकते, खोली फार तापत नसेल तर. फ्रिज नसेल तिथे मातीचं मडकं कामाला येतं. मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात लहान मडकं आणि त्यात डबीत बंद केलेली बाटली. पाणी झिरपून वाळतं तसा गारवा धरतो. कोरड्या हवेत हे चांगलं जमतं, कोकणातल्या दमट हवेत कमी. वापरलेल्या सुया फिरकीच्या झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकायच्या आणि ती भरली की रुग्णालयात आणून द्यायची. कचरा उचलणाऱ्या माणसाच्या हाताला त्या लागू नयेत.

हे सगळं एका दमात सांगून चालत नाही, आणि “समजलं का?” विचारूनही. समजलं का म्हटलं की सगळे हो म्हणतात. माणसाच्या हातात बाटली आणि सिरिंज द्यायची आणि गप्प बसून बघायचं. डोळ्यांना रेघा दिसत नसतील तर तेही तिथेच कळतं.

ओपीडीत एकदा एक काकू आल्या. रोज सकाळी २० आणि रात्री १२ युनिट, शुगर मात्र तीनशेच्या खाली येत नव्हती. डॉक्टरांनी नुकताच डोस वाढवून दिला होता. त्या समाधानाने मला सांगत होत्या, “एक बाटली महिनाभर पुरते बघा, सिस्टर.” मी हिशोब केला. १० मिलीची बाटली, ४० ची, म्हणजे ४०० युनिट. दिवसाला ३२ लागतात तर ती बारा-तेरा दिवसांत संपायला हवी. पिशवीतून सिरिंज काढायला सांगितली. टोपण नारिंगी होतं. नारिंगी सिरिंजने ३२ रेघांइतकं इन्शुलिन म्हणजे प्रत्यक्षात १३ युनिटसुद्धा नव्हेत, आणि त्या मापाने बाटली बरोबर महिनाभर जाते. काकूंनी ना एक दिवस चुकवला होता, ना खोटं बोलल्या होत्या. लाल टोपणाची सिरिंज माझ्या खिशातच होती. पण वाढवलेला डोस त्या सिरिंजने पूर्णच्या पूर्ण गेला असता, आदल्या दिवसाच्या अडीचपटीहूनही जास्त. म्हणून ती तशीच खिशात ठेवली, काकूंचा केसपेपर घेतला आणि त्यांना घेऊन परत डॉक्टरांच्या खोलीत गेले.